जुन्या ट्रकचा उजेड परत मिळवताना

मुंबईत अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी प्रवेशबंदी असते, त्यामुळे ज्याची गाडी मालवाहतुकीची आहे त्याचा धंदा मुख्यतः रात्रीच चालतो. माझी सहाचाकी टाटा सिन्नर आणि निफाड भागातून कांदा व भाजीपाला घेऊन पहाटेपूर्वी वाशीच्या बाजार समितीत पोहोचते आणि परतीला भिवंडीच्या गोदामांतून मिळेल तो माल भरून कसारा घाट चढते. गाडी मूळची नाशिकच्या नोंदणीची आहे. मी ती जुनी विकत घेतली तेव्हा पहिला खर्च इंजिनावर आणि मागच्या पाट्यांवर, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांवर, झाला. दिव्यांची पाळी त्यानंतर आली.

ठाण्यापर्यंत रस्त्याच्या कडेच्या खांबांचा उजेड असतो, भिवंडी वळणरस्त्यावर ढाबे आणि पेट्रोलपंप असतात, त्यामुळे गाडीचे दिवे कमजोर आहेत हे तिथवर जाणवत नाही. पडघा मागे पडले की अंधार खऱ्या अर्थाने सुरू होतो, आणि शहापूर, आटगाव, खर्डी ओलांडून कसाऱ्याकडे जाताना गाडीला स्वतःच्या दिव्यांवरच चालावे लागते. आमचे चालक या मार्गावर वर्षानुवर्षे गाडी चालवत आले आहेत, मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी एका पहाटे वाशीला गाडी लावल्यावर मला स्पष्ट सांगितले, "शेठ, डिप्परला रस्ता दिसत नाही, आणि अप्पर मारला की समोरचा आंधळा होतो. पाऊस लागायच्या आत काहीतरी करा." डिप्पर म्हणजे खाली वळवलेला जवळचा झोत, अप्पर म्हणजे सरळ लांब जाणारा. ओला डांबरी रस्ता दिव्याचा बहुतेक प्रकाश पुढच्या पुढे परावर्तित करतो, चालकाकडे फार थोडा परत येतो, म्हणून कोरड्या रस्त्यावर जेमतेम पुरणारा दिवा पावसात मुळीच पुरत नाही. मामांची घाई रास्त होती.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर गाड्यांच्या सजावटीची आणि जुन्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. तिथे उजेड वाढवायचा म्हटले की तीन उत्तरे ठरलेली असतात: शंभर वॉटचा बल्ब, एलईडीचा बल्ब किंवा बंपरवर एलईडीची लांब पट्टी. यांपैकी एलईडी बल्बच्या बाबतीत दुकानदाराने फार सौजन्य दाखवले आणि विकत घेण्यापूर्वीच माझ्या गाडीच्या एका दिव्यात तो बसवून समोरच्या बंद शटरवर प्रकाश पाडून दाखवला. दुसऱ्या दिव्यात आमचा जुना हॅलोजन तसाच होता, त्यामुळे दोन्हींची तुलना एकाच पत्र्यावर करता आली, आणि मला जे पाहायचे होते ते तिथेच दिसले. हॅलोजनचा प्रकाश मंद आणि पिवळा होता, परंतु त्याला वरच्या बाजूने एक कड होती; कडेच्या वर अंधार, कडेच्या खाली उजेड, आणि डाव्या हाताला ती कड तिरपी वर चढत गेलेली. एलईडीचा प्रकाश डोळे दिपवणारा पांढरा होता, पण कड पुसट झाली होती आणि माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत शटर उजळून निघाले होते. शटरवर जे माणसाच्या डोक्याच्या उंचीला दिसते, तेच घाटात समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत जाते.

याचे कारण बल्ब हातात घेऊन पाहिल्यास कळते. आमच्या गाडीत सात इंची गोल दिवे आहेत आणि त्यांत एच-४ जातीचा बल्ब लागतो, जो १९७१ पासून वापरात आहे. त्याच्या काचेच्या नळीत एकामागे एक अशा दोन तारा असतात. मागची तार अप्परची, ती परावर्तकाच्या, म्हणजे दिव्याच्या आतल्या खोलगट आरशाच्या, बरोबर केंद्रबिंदूवर येते आणि तिचा प्रकाश सरळ लांब जातो. पुढची तार डिप्परची, आणि तिच्या खाली पत्र्याची एक छोटी वाटी बसवलेली असते. ही वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून डिप्परचा प्रकाश परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर टाकला जातो. वाटीची एक कड किंचित तिरपी कापलेली असते आणि रस्त्याच्या डाव्या कडेला थोडा अधिक लांबवर जाणारा जो उजेड दिसतो तो त्या कापामुळे. परावर्तक आणि पुढची रेषांची काच ही दोन्ही या तारांची जागा, लांबी आणि जाडी गृहीत धरून घडवलेली असतात. एलईडीच्या चपट्या पट्टीवरील चौकोनी ठिपके कितीही प्रखर असले तरी ते त्या तारेच्या आकाराचे नसतात आणि तिच्यासारखा चहूबाजूंनी प्रकाश देत नाहीत, त्यामुळे जुन्या परावर्तकातून तो प्रकाश वाटेल तसा पसरतो. जे दिवे मुळातच एलईडीसाठी घडवले आहेत त्यांची गोष्ट निराळी. माझा आक्षेप हॅलोजनच्या परावर्तकात एलईडी कोंबण्याला आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ यासंबंधी अगदी नेमके बोलतो. दिव्याचा झोत असा खाली वळवलेला किंवा चालकाला वळवता येईल असा असावा, की दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसाला तो दिपवणार नाही. हे तिन्ही आकडे मिळून समोरून येणाऱ्या चालकाची जागा सांगतात. शटरवरचा तो प्रकाश या कसोटीला उतरला नसता. शंभर वॉटचा बल्ब मी वेगळ्या कारणाने नाकारला: गाडीतली जी जुनी तार सत्तर वॉटचा प्रवाह नीट पोहोचवत नाही, तिच्यावर आणखी भार टाकल्याने तार आणि होल्डर तापतात, आणि आमच्या उजव्या दिव्याचा प्लॅस्टिकचा होल्डर आधीच एका बाजूने तपकिरी पडला होता.

तो तपकिरी डाग मी वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळ काम करणाऱ्या एका वायरमनला दाखवला. माणूस वयस्कर, बोलणे मोजके. त्यांनी बल्बविषयी एक शब्दही न काढता मल्टिमीटर काढला, इंजिन सुरू ठेवायला सांगितले आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर मोजले. २७.८ व्होल्ट आले. आमच्या गाडीत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या आहेत, म्हणून यंत्रणा चोवीस व्होल्टची, आणि इंजिन चालू असताना अठ्ठावीसच्या आसपास आकडा येणे योग्यच. मग दिवे डिप्परवर लावून त्यांनी होल्डरच्या मागच्या बाजूने, बल्ब जळत असतानाच, मोजले. डाव्या दिव्यापाशी २४.७ आणि उजव्या दिव्यापाशी २३.९ व्होल्ट. बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर मोजले असते तर आकडा जवळजवळ बॅटरीइतकाच आला असता, कारण प्रवाह वाहत नसेल तर तारेतला तोटा दिसतच नाही; मोजणी भाराखालीच व्हायला हवी.

तीन-चार व्होल्टने काय बिघडते, असा प्रश्न मामांनी तिथेच विचारला. तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, तर साधारण ३.४ च्या घाताने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्के उतरले की प्रकाश सुमारे तीस टक्के उतरतो. हा हिशेब आमच्या आकड्यांना लावला तर डाव्या दिव्याचा एकतृतीयांश आणि उजव्या दिव्याचा सुमारे चाळीस टक्के उजेड बल्बपर्यंत पोहोचण्याआधीच तारांमध्ये संपत होता. बल्बमधल्या तारेचे तापमान कमी राहिल्याने प्रकाश पिवळाही पडत होता. म्हणजे बल्ब चांगल्या कंपनीचा, योग्य वॉटचा आणि जवळपास नवा असूनही त्याला त्याचे काम करायला पुरेशी वीज मिळत नव्हती. जुन्या गाडीच्या उजेडाबद्दल तक्रार असणाऱ्या प्रत्येकाने नवे काहीही विकत घेण्यापूर्वी ही एक मोजणी करून घ्यावी, असे मी अगदी आग्रहाने सांगेन.

तोटा कुठे होतो हे शोधण्याची त्यांची पद्धत सोपी होती. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे दिव्याच्या अर्थच्या, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या, पिनेला लावले. दोन्ही एकच असायला हवेत, म्हणजे आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. उजवीकडे १.७ आणि डावीकडे ०.९ व्होल्ट आले. अर्थची तार मडगार्डच्या पत्र्याला एका बोल्टने आवळलेली होती. तो बोल्ट सोडवल्यावर खाली रंगाचे दोन थर, त्याखाली गंज आणि तारेच्या टोकावरील लगवर हिरवट बुरशीसारखा थर निघाला. मुंबईची खारी हवा तांब्याला आणि पत्र्याला सोडत नाही, आणि आमची गाडी तर खाडीच्या वाऱ्यावरच उभी असते. उरलेले २.२ व्होल्ट दोन्ही दिव्यांना समान कमी पडत होते, त्याअर्थी ते दोघांच्या सामाईक वाटेवर जात होते: बॅटरीपासून केबिनमधील फ्यूजच्या पेटीपर्यंत, तिथून दिव्यांच्या बटणात, बटणातून डिप्परच्या स्विचमध्ये आणि मग पुन्हा पुढे. एवढ्या लांबीची बारीक तार, आणि वाटेत गंजलेले जोड.

इथून पुढचे काम ठरले: दिव्यांना वीज बटणामधून न देता थेट बॅटरीवरून जाड तारेने द्यायची आणि जुन्या तारेने फक्त रिले चालवायचा. रिलेला ट्रकवाले कटआउट म्हणतात. त्याच्या आतल्या लहान चुंबकाला अगदी थोडा प्रवाह लागतो, तो मिळाला की आतली पट्टी खेचली जाते आणि बॅटरीची मुख्य वाट जोडली जाते. बटणावरचा आणि डिप्परच्या स्विचवरचा भार त्यामुळे नाममात्र राहतो.

सामान मी ऑपेरा हाउसच्या बाजूच्या मोटार सुट्या भागांच्या बाजारातून घेतले. चोवीस व्होल्टचे दोन रिले, एक अप्परसाठी आणि एक डिप्परसाठी. मुख्य तारेसाठी चार चौरस मिलिमीटर आणि रिलेपासून दिव्यांपर्यंत अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची तार. चिनीमातीचे दोन होल्डर. लग, ब्लेड फ्यूज आणि तारांवर चढवायची नळी. रिले घेताना त्यावर चोवीस व्होल्ट लिहिले आहे ना, हे डोळ्यांनी वाचून घ्यावे. दिसायला बारा व्होल्टचाही तसाच असतो, आणि तो चोवीसवर लावला तर त्याची कॉइल तापून जळते.

जोडणीत फारसे गूढ नाही. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला बॅटरीची तार, ८७ वरून दिव्यांकडे जाणारी तार, ८६ ला जुन्या दिव्याची तार आणि ८५ ला अर्थ. परंतु दोन गोष्टींवर वायरमनकाकांनी वेळ घालवला आणि त्या मला मोलाच्या वाटल्या. पहिली म्हणजे डाव्या आणि उजव्या दिव्याला त्यांनी वेगवेगळे फ्यूज दिले, शिवाय अप्पर-डिप्परचेही वेगळे ठेवले, कारण एकच फ्यूज असता आणि घाटाच्या वळणावर एखाद्या दिव्याची तार कुठे घासून अर्थ झाली असती, तर दोन्ही दिवे एकाच क्षणी गेले असते. मुख्य तारेचा मोठा फ्यूज त्यांनी बॅटरीपासून वीतभर अंतरावरच बसवला. दुसरी गोष्ट म्हणजे रिले त्यांनी पिना खाली करून लावले, जेणेकरून पावसाचे पाणी आत साचणार नाही. लग दाबून बसवल्यावर प्रत्येक तार त्यांनी जोराने ओढून पाहिली. अर्थसाठी मडगार्डचा पत्रा सोडून दिला आणि दोन्ही दिव्यांपासून स्वतंत्र तार थेट चासीपर्यंत व तिथून बॅटरीपर्यंत नेली. चासीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासून, बोल्ट आवळून, वरून ग्रीस लावले.

याच वेळी त्यांना एक जुनी खोड सापडली. केबिनमधला टेप बारा व्होल्टचा असल्याने आधीच्या मालकाने त्याची तार दोन बॅटऱ्यांच्या मधून, म्हणजे एकाच बॅटरीवरून घेतली होती. ही पद्धत रस्त्यावर सर्रास दिसते. तिच्यामुळे एक बॅटरी सतत उपाशी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरते, आणि शेवटी दोन्ही वेळेआधी जातात. टेपसाठी चोवीसचे बारा करणारा छोटा कन्व्हर्टर लावून ती तार काढून टाकली. दिव्यांशी याचा संबंध इतकाच की अशा बॅटऱ्यांवर कोणत्याच दिव्याला स्थिर व्होल्टेज मिळत नाही.

सगळे जोडून झाल्यावर दोन्ही दिव्यांपाशी २७.२ व्होल्ट आले. इंजिनाचा वेग वाढवूनही बॅटरीवर आकडा साडेअठ्ठावीसच्या वर गेला नाही, हेही त्यांनी पाहून घेतले, कारण वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरचा, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलेला असेल आणि व्होल्टेज तीसकडे झुकत असेल तर आता तो जादा दाब थेट बल्बवर येईल आणि बल्ब भराभर जातील. हे न तपासता रिले बसवणे धोक्याचे आहे.

तार सुधारली तरी परावर्तक उरलाच होता. आमच्या दिव्यांचे परावर्तक आतून धूर बसलेल्या कंदिलाच्या काचेसारखे काळवंडले होते. त्यावरचा चकाकणारा थर अत्यंत पातळ असतो, तो पुसायला गेल्यास उजेड वाढण्याऐवजी थरच निघून येतो, त्यामुळे तिथे बदलण्यावाचून उपाय नसतो. शिवाय काचेच्या वरच्या भागावर आधीच्या मालकाने काळा रंग मारलेला होता. समोरच्याला त्रास होऊ नये हा हेतू चांगलाच, पण डिप्परचा प्रकाश परावर्तकाच्या वरच्या अर्ध्यातून येतो आणि काचेच्या वरच्या भागातूनच बाहेर पडतो, म्हणजे त्या रंगाने नेमका डिप्परच अडवला होता. डिप्पर कमी पडला की चालक अप्परवर जातो, आणि समोरच्याला व्हायचा तो त्रास अधिकच होतो.

नवा संच घेताना काच कोणत्या बाजूच्या वाहतुकीसाठी आहे हे पाहणे अत्यंत आवश्यक आहे. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून झोताचा चढता भाग डाव्या कडेकडे जायला हवा. जुन्या सामानाच्या बाजारात परदेशी गाड्यांच्या काचा मिळतात, त्या उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीच्या असू शकतात, आणि त्यांचा चढता भाग सरळ समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. आंतरराष्ट्रीय खुणा असलेल्या काचेवर डाव्या वाहतुकीसाठी एक आडवा बाण असतो, जो दिव्यासमोर उभे राहून पाहणाऱ्याच्या उजव्या हाताकडे तोंड करून असतो. असा बाण पाहूनच मी काच घेतली. बल्ब चोवीस व्होल्टचे, ७५/७० वॉटचेच ठेवले. बसवताना काचेला बोट लागू दिले नाही, कारण बोटाचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर डाग होऊन बसतो आणि बल्बचे आयुष्य कमी करतो. मागचे रबराचे टोपणही नवे घेतले. ते फाटके असले की पहिल्याच पावसात आत बाष्प धरते.

दिवे बसवून झाले की काम संपले असे बहुतेकांना वाटते. माझ्या मते अर्धे काम तिथून पुढे आहे, कारण उजेड वाढल्यावर तो चुकीच्या जागी पडला तर आधीच्या मंद दिव्यापेक्षा अधिक अपाय करतो. झोत लावण्यासाठी आम्ही भिवंडीच्या एका गोदामाचे आवार निवडले, जिथे सपाट काँक्रीट, लांब भिंत आणि शेजारीच वजनकाटा होता. चाकांतली हवा आधी बरोबर करून घेतली. दिव्याचा मध्य जमिनीपासून ९२ सेंटीमीटरवर होता. गाडी भिंतीपासून १० मीटरवर सरळ उभी केली, भिंतीवर खडूने ९२ सेंटीमीटर उंचीची आडवी रेष मारली आणि दोन्ही दिव्यांसमोर उभ्या रेषा काढल्या. डिप्परची कड त्या आडव्या रेषेच्या खाली यायला हवी. या उंचीच्या दिव्याला एक ते दीड टक्का, म्हणजे १० मीटरवर १० ते १५ सेंटीमीटर खाली.

ट्रकच्या बाबतीत अडचण अशी की रिकामी गाडी आणि भरलेली गाडी या उजेडाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या असतात. आम्ही माल भरण्याआधी आणि भरल्यानंतर दोन्ही वेळा मोजले. मागची चासी सुमारे ६ सेंटीमीटर खाली बसली, पुढची जेमतेम १. दोन्ही आसांमधले अंतर सव्वाचार मीटर आहे, तेव्हा ५ सेंटीमीटरच्या फरकाने गाडीचे नाक १.२ टक्क्याने वर उचलले गेले, आणि भिंतीवरची कड तेवढ्याच हिशेबाने सुमारे १२ सेंटीमीटर वर सरकलेली दिसली. मामा भिंतीपाशी खडू घेऊन उभे होते. त्यांनी नव्या कडेवर दुसरी खूण केली आणि दोन खुणांच्या मधले अंतर हाताच्या वितीने मोजून म्हणाले, "म्हणजे रिकाम्या गाडीवर बरोबर लावलेला दिवा माल भरला की समोरच्याच्या तोंडावर." त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे होते: रिकाम्या गाडीवर एक टक्का खाली लावलेली कड भरल्यावर आडव्या रेषेच्या वर जाते. मालाच्या गाड्यांचा डिप्परसुद्धा अप्परसारखा का लागतो याचे हे एक मोठे कारण आहे, आणि ज्या गाड्यांत केबिनमधून दिव्याचा कल बदलण्याची सोय नाही त्यांना ते सहजी टाळता येत नाही.

आमच्या गाडीत ती सोय नाही, म्हणून निवड करावी लागली. रात्रीच्या फेऱ्या बहुतांशी भरलेल्या असतात, तेव्हा भरलेल्या गाडीवर कड १० मीटरला ११ सेंटीमीटर खाली ठेवली. त्या स्थितीत डिप्पर सुमारे ८० मीटरपर्यंत पोहोचतो. रिकाम्या गाडीवर मात्र तीच कड २३ सेंटीमीटर खाली जाते आणि पोहोच ४० मीटरवर येते. चालकाला धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ आणि त्यानंतरचे थांबण्याचे अंतर धरले, तर ताशी ६० किलोमीटरला साधारण ६० मीटर लागतात आणि ताशी ४५ ला ४० मीटरच्या आत काम भागते. म्हणून रिकामी गाडी रात्री डिप्परवर असेल तर वेग ४५ च्या वर न्यायचा नाही, असे मी आणि मामांनी मिळून ठरवले, आणि ते हा नियम पाळतात. दुसऱ्या बाजूने विचार केला असता तर स्वतःच्या सोयीसाठी समोरच्याच्या डोळ्यांत झोत टाकावा लागला असता, आणि ते मला मान्य नव्हते.

पाऊस सुरू झाल्यावर मी मुद्दाम एका फेरीला मामांबरोबर केबिनमध्ये बसून गेलो. खर्डीच्या पुढे डाव्या कडेची पांढरी पट्टी आता डिप्परवर सलग दिसत होती, आणि रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभ्या असलेल्या एका ट्रॉलीचे लाल परावर्तक आधी कधी दिसले नसते इतक्या दुरून दिसले. समोरून येणाऱ्यांपैकी कोणी आम्हाला दिव्यांची उघडझाप करून इशारा दिला नाही. घाटात धुके दाट होते, तिथे कोणताही दिवा एका मर्यादेपलीकडे उपयोगी पडत नाही. अप्पर लावल्यास समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून मामांनी डिप्परवरच, धीम्या गतीने गाडी वर नेली. मात्र माथ्यावरून इगतपुरीच्या बाजूला धुके विरळ होताच त्यांनी अप्पर लावून पाहिला. नियम १०५ नुसार १५५ मीटर पुढचे माणूस आणि वाहन स्पष्ट दिसण्याइतका उजेड नसेल तेव्हा दिवे लावावे लागतात, आणि निदान त्या मोकळ्या पट्ट्यावर आमच्या अप्परने तेवढ्या अंतरावरचे दाखवले असे मला वाटते.

आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी करावे लागते. त्या वेळी दिव्यांवरून काही अडले नाही, कारण बल्बची जात, वॉट आणि दिव्याचा आकार यांपैकी काहीच मूळ रचनेपासून बदललेले नव्हते. एकूण खर्च मजुरी धरून एका चांगल्या टायरच्या किमतीपेक्षा बराच कमी आला.

आता दोन सुटे बल्ब, लागणारे सगळे फ्यूज आणि एक रिले केबिनच्या पेटीत कायम असतात. अर्थचे बोल्ट पावसाळ्याआधी आणि नंतर उघडून पाहायचे आणि त्याच वेळी दोन्ही दिव्यांपाशी व्होल्टेज मोजून गाडीच्या वहीत लिहायचे ठरले आहे. सत्तावीसच्या खाली आकडा आला की कारण शोधायचे. पाटे बदलले किंवा त्यांत पान वाढवले तर झोत पुन्हा भिंतीवर लावावा लागेल. मागचे लाल दिवे आणि ब्रेकचे दिवे अजून जुन्याच तारेवर आणि जुन्याच अर्थवर आहेत, तिथेही मोजल्यावर दीड व्होल्टचा तोटा निघाला आहे, आणि पुढच्या वेळी गाडी वडाळ्याला उभी राहील तेव्हा वायरमनकाका मागून सुरुवात करणार आहेत.